हाशहुश ओटा

वच्छलाबाई आयुष्यभर खोटं बोलल्या त्या फक्त लेकरांशी, आणि तेही सरकारी मानधनावर. बेलटोल्याच्या अंगणवाडीत त्या सेविका होत्या. ताटातला भात टाकला तर तलावातली मगर घरी येऊन उरलेला भात मागते, असल्या गोष्टी त्या इतक्या शांत चेहऱ्यानं सांगायच्या की अर्धं गाव त्या मगरीला भिऊन मोठं झालं. सरपंच कैलाश आता चाळिशी ओलांडून गेला, चारचाकी चालवतो, पण अजूनही ताटात शीत ठेवत नाही. बाई निवृत्त झाल्या तरी त्यांच्या शब्दाचं वजन गावात तसंच राहिलं. म्हणूनच चावडीच्या प्रकरणात त्या मोठ्या माणसांशी पहिल्यांदा खोटं बोलल्या, तेव्हा कोणाला शंकासुद्धा आली नाही. आणि खरं सांगायचं तर सुरुवात त्यांनी केलीच नव्हती. सुरुवात गावानं केली होती.

बेलटोला भंडारा जिल्ह्यातल्या अड्याळहून फार लांब नाही. तलावाच्या पाळीवर तिथं पूर्वी एक चावडी होती. सागाचे खांब, कवेलूचं म्हणजे कौलारू छप्पर, आत काळ्या दगडाचा ओटा. तीसेक वर्षांपूर्वी एका पावसाळ्यात छप्पर बसलं, मागोमाग भिंती बसल्या, आणि उरलेलं गावानं आपापल्या घरी नेलं. खांब गोठ्यांना लागले, दगड न्हाणीत गेले, आणि मोकळ्या जागेवर बेशरमाच्या झुडपांचं रान माजलं. यंदा कैलाशच्या मनात आलं की पवनीकडे जंगल पाहायला जाणाऱ्या गाड्या आपल्या गावावर नुसती धूळ उडवून जातात, त्या इथं थांबल्या पाहिजेत. तलावाच्या सुशोभीकरणाच्या सरकारी कामात त्यानं चावडीही बसवून घेतली. जशी होती तशीच बांधायची, असं ठरलं.

तशीच म्हणजे कशी, हे विचारायला तृप्ती आली.

तृप्ती वच्छलाबाईंच्या भावाची मुलगी. भाऊ जवाहरनगरच्या फॅक्टरीत होता, त्यामुळे ती क्वार्टरमध्ये वाढली, नागपूरला आर्किटेक्ट झाली आणि मग जर्मनीत ड्रेस्डेनला जाऊन पडलेली शहरं पुन्हा कशी उभी करतात ते शिकून आली. चावडीचं काम तिनं हौसेनं अंगावर घेतलं आणि आत्याच्या घरी मुक्काम ठोकला. पहिल्याच संध्याकाळी तिनं शाळेच्या वर्गात पडदा लावून गावाला फोटो दाखवले.

"हे ड्रेस्डेनचं चर्च," ती म्हणाली. "दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी शहरावर बॉम्ब पडले, त्यात कोसळलं. जवळजवळ पन्नास वर्षं तिथं नुसता दगडांचा ढीग होता."

"आपलं तं तीसच वर्सं झाले," तुलाराम खूश होऊन म्हणाला. तो तुमसरच्या राईस मिलमध्ये काम करून म्हातारपणी गावात परतला होता. "आपन त्याइच्यापेक्षा फास्ट हाओ."

तृप्ती सांगत गेली. लोकांनी ढिगाऱ्यातले दगड जपून ठेवले होते, तेच परत वापरले. जुने दगड काळे, नवे फिकट, आणि दोन्ही एका रंगाचे करायच्या भानगडीत कोणी पडलं नाही. चर्चचा दरवाजा कसा होता ते कोणाला नीट आठवेना, तेव्हा म्हाताऱ्या-कोताऱ्यांनी आपल्या लग्नाचे फोटो आणून दिले. नवरा-नवरी दारात उभे, आणि त्यांच्या मागे दरवाजा.

"भांडनं नाई झाले का वो तिथं?" कैलाशच्या आईनं, पुष्पाबाईनं विचारलं. भांडणाशिवाय बांधकाम होतं ह्यावर तिचा विश्वास नव्हता.

"खूप झाली. फक्त त्याच शहरात नाही, सगळ्या देशात. काही लोक म्हणाले, एवढं सुंदर करून ठेवलं तर पुढच्यांना वाटेल इथं वाईट काही झालंच नाही. लढाई आपणच सुरू केली, हेही विसरतील. फ्रँकफर्टला तर जुनी गल्लीच्या गल्ली नव्यानं बांधली आहे. लोक तिथं फोटो काढतात आणि म्हणतात, वा, काय जुनं आहे!"

"आपल्याकडं तसलं काई नाई," पुढच्या बाकावरून कृष्णराव म्हणाले. कृष्णराव म्हणजे जुन्या पाटलांचे चिरंजीव, ऐंशी ओलांडलेले. चावडीची गोष्ट निघाली की पहिला शब्द त्यांचा. "आपली चावडी भल्या मानसाइची होती."

मागच्या बाकावर वच्छलाबाईंनी पदरानं तोंड पुसलं. तोंडाला काही लागलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून गाव कामाला लागलं. लग्नाचे फोटो आले, पण त्यांत नवरा-नवरी, मामा आणि जनरेटर ह्यांच्याखेरीज काही दिसेना. एका फोटोत कृष्णरावांच्या डोक्यातून खांब उगवल्यासारखा दिसत होता, तेवढीच काय ती चावडी. दगड मात्र बैलबंड्या भरभरून आले. त्यांत खरे चावडीचे होते, तसे फुटक्या जात्यांचेही होते, आणि कोणीतरी 'अड्याळ' लिहिलेला रस्त्यावरचा मैलाचा दगडही आणून टाकला होता. तो कैलाशनं गुपचूप परत पाठवला.

मग आठवणी आल्या. तृप्ती फळ्यावर चावडीचं चित्र काढायची आणि लोक सांगतील तशी भर घालायची.

"खांबाइवर मोर होते," कृष्णरावांनी सांगितलं. "कोरलेले. पिसारा फुलवलेले."

"पितळेची घंटा होती," तुलाराम म्हणाला. "वाजवली का अड्याळले आयकू जाये."

"आन् झोपाळा!" पुष्पाबाई म्हणाली. "चांदीच्या कड्याइचा."

दोन-तीन संध्याकाळींत चावडीचा राजवाडा झाला. वच्छलाबाई ऐकायच्या आणि घरी येताना पदरात तोंड खुपसून हसायच्या.

"आत्या, खांबांवर मोर होते?" तृप्तीनं विचारलं.

"उधई होती. खांब पोखरून खाये ती."

"मग तू बोलत का नाहीस?"

"काहून बोलू? मजा येऊन राहिली."

मजा येत होती खरी, पण घरी अंथरुणावर पाठ टेकली की त्या हसण्याला कुठंतरी काटा टोचायचा. कारण वच्छलाबाईंना चावडी सगळ्यांपेक्षा चांगली आठवत होती, आणि ती बाहेरून आठवत होती.

त्यांचे वडील डोमा गावचे कोतवाल. दवंडी द्यायची, सारा गोळा करताना हाका मारायच्या, साहेब आला की त्याच्या घोड्यापुढं धावायचं. पंचायत बसली की पंच आत ओट्यावर, आणि डोमा बाहेर चिंचेखाली उभा. हाक आली की 'जी' म्हणायचं. चैतात दुपारच्या दुपार तो उभा असे. छप्पन साली नागपूरला दीक्षा घेऊन आल्यावर डोमानं घरातले देव तलावात सोडले, पोरांना शाळेत घातलं, पण चिंचेखालची जागा काही सुटली नाही. कोतवालकी सुटेपर्यंत तो तिथंच उभा राहिला. लहानगी वच्छला त्याला भात घेऊन जायची. तो एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेत घेत, उभ्या-उभ्याच जेवायचा आणि म्हणायचा, "बसून जेवलं का पोट दुखते माहं." ती कितीतरी वर्षं ते खरं मानत होती.

चौथ्या संध्याकाळी तृप्तीनं विचारलं, "तलावाच्या बाजूला काय होतं?"

तिकडं काहीच नव्हतं, नुसता उतार होता.

"तिकडं ओटा होता ना," वच्छलाबाई म्हणाल्या. मगरीबद्दल बोलायच्या अगदी त्याच आवाजात.

"कोनता ओटा?" तुलारामनं विचारलं.

"हाशहुश ओटा." नाव तोंडातून बाहेर पडलं तेव्हा त्यांनाही ते पहिल्यांदाच ऐकू आलं. "लांबच्या लांब. वर पडवी. ऊन लागे नाई, पानी लागे नाई. कोनीबी याव, डोक्यावरचं टोपलं उतरवाव, बसाव. पाटील असो का कोतवाल असो. बसलं का हाश, टेकलं का हुश. म्हनून तं नाव पडलं." आणि वर्गभर नजर फिरवून म्हणाल्या, "विसरले का रे सारेच?"

हा प्रश्न त्यांनी ह्यांतल्या अर्ध्या लोकांना त्यांच्या लहानपणी पुष्कळदा विचारला होता. तेव्हाही कोणी 'हो, विसरलो' म्हणत नसे.

"अवो हो! हाशहुश!" पुष्पाबाईनं मांडीवर थाप मारली. "कैलाशच्या वक्ताले मले कळा सुरू झाल्या त्या त्याच ओट्यावर!"

कैलाश लाजून मोबाईलमध्ये बघू लागला.

"मिलले सुट्टी भेटली का मी तिथंच झोपत होतो," तुलाराम म्हणाला. "तलावाचा काय वारा ये, बाप्पा!"

तृप्तीनं फळ्यावर ओटा काढला. काढता काढता तिनं आत्याकडे एकदा तिरकं पाहिलं. कृष्णराव मात्र त्या संध्याकाळी काठीच्या मुठीवर हनुवटी टेकून फळ्याकडे बघत राहिले.

घरी जाताना रस्त्यात तृप्तीनं आत्याचा दंड पकडला. "आत्या, तो ओटा खरंच होता?"

"तुह्या फळ्यावर हाये ना आता," बाई म्हणाल्या.

आठवड्याभरात ओटा गावात मुरला. हातपंपावर बायका त्याच्या गोष्टी सांगू लागल्या. कोणाची सोयरीक त्या ओट्यावर जमली होती, कोणाचं भांडण तिथं मिटलं होतं. पाच-सहा जणांच्या न्हाणीत हाशहुश ओट्याचे दगड निघाले. अड्याळच्या बाजारात तर एक भाजीवाली वच्छलाबाईंनाच म्हणाली, "तुमच्या गावचा तो ओटा लई मोठा होता म्हनतात." बाईंनी गंभीरपणे मान हलवली आणि दोन जुड्या मेथी घेऊन घरी येईपर्यंत हसू दाबून धरलं.

एका दुपारी कृष्णराव काठी टेकत दारात आले. ह्या दारात ते याआधी कधी आल्याचं बाईंना आठवत नव्हतं. खुर्ची दिली, चहा दिला.

"वच्छला," ते म्हणाले, "ओटा नव्हता."

"आन् मोर होते का?"

कृष्णरावांनी चहाचा घोट घेतला. बशीत चहा ओतला, फुंकला, पुन्हा घोट घेतला.

"साखर कमी हाये," एवढंच म्हणून ते उठले.

वच्छलाबाईंना वाटलं, आपण जिंकलो. दोघांनी एकमेकांचं खोटं धरलेलं, आता कोणी कोणाला सोडणार नाही. पण पाटलाचा लेक तो. त्यानं घरी जाऊन विचार केला.

नकाशा पक्का करायला गाव पुन्हा शाळेत जमलं. कैलाशनं सगळं वाचून दाखवलं. कोणाला काही सांगायचंय का, असं विचारल्यावर कृष्णराव उठले आणि घसा साफ केला.

"ओट्याबद्दल एक गोष्ट सांगाची राहून गेली. तो ओटा माह्या बाबानं बांधला होता. खास डोमासाठी. बाबा म्हनाले, डोमा, तू उभा काहून? तू बी या गावचाच ना? बस."

वर्गात टाळ्या पडल्या. पुष्पाबाईच्या डोळ्यांना पाणी आलं. "कसे मानसं होते वो त्या काळी," ती म्हणाली. कैलाश भारावून गेला. ओट्यावर पाटलांच्या नावाची संगमरवरी पाटी लावू, असं त्यानं तिथल्या तिथं जाहीर करून टाकलं.

वच्छलाबाईंचे कान तापले. बापाला बसायला जागा द्यावी म्हणून त्यांनी ओटा केला होता, आणि आता त्या ओट्यावर दुसऱ्याचाच बाप मोठ्या मनाचा होऊन बसला होता. चैतातलं ऊन, चिंचेखालची जागा, उभ्यानं खाल्लेला भात, सगळं त्या एका टाळीत पुसलं गेलं. आता कोणीही म्हणेल, बेलटोल्यात तर सगळे पहिल्यापासून शेजारी-शेजारीच बसत होते.

त्या उठल्या. "ओटा नव्हता. मी खोटी बोलली."

आधी कोणाला कळलंच नाही. मग एक-दोघं हसले. मग पुष्पाबाई उठून आली आणि हात धरून हळूच म्हणाली, "वच्छला, बीपीची गोळी घेतली का आज?"

"गोळी घेतली! ओटा नव्हता म्हनतो मी!"

"वय झालं का असं होते," तुलाराम समजुतीनं म्हणाला. "काल मी बी चष्मा विसरलो. पन ओटा कसा नव्हता? मंग मी झोपत होतो कुठं?"

"तलावात मगर बी नव्हती!" बाई ओरडल्या.

"ते माहीत हाये, बाई," कैलाश म्हणाला. पण म्हणायला त्याला जरा वेळ लागला.

गावानं बाईंना मायेनं घरी पोहोचवलं. कोणी लिंबूपाणी दिलं, कोणी पंखा वाढवला. सगळे गेल्यावर त्या भिंतीकडे तोंड करून बसल्या. आयुष्यभर गावानं त्यांचं खोटं खरं मानलं, आणि आज त्या खरं बोलल्या तर कोणी विश्वास ठेवला नाही.

तृप्ती शेजारी येऊन बसली. रागावली नव्हती, हसू मात्र दाबत होती. "तिकडेही असंच आहे, आत्या. शहरं सगळं आठवत नाहीत, आठवायला बरं वाटतं तेवढं आठवतात. पण एक गोष्ट मला तिथली आवडली. फुटपाथवर चालताना मध्येच पायाखाली पितळेचा छोटा तुकडा लागतो, तळहाताएवढा. त्या घरातून तेव्हाच्या सरकारनं ज्या माणसांना धरून नेलं, मारलं, त्यांची नावं त्यावर असतात. भिंतीवर नाही, जमिनीत बसवलेली."

"जमिनीत? मंग वाचाचं कसं?"

"वाकून. अक्षरं बारीक असतात, वाकावंच लागतं."

"साऱ्याइलेच?"

"वाचायचं असेल त्या सगळ्यांना."

वच्छलाबाई भिंतीकडून वळल्या आणि म्हणाल्या, "भूक लागली."

पायाची खोदाई सुरू व्हायची होती त्या सकाळी त्या पाळीवर गेल्या. चिंच अजून होती. तिच्यापासून थोडं पुढं, जिथं सावली पोचत नाही, तिथं जाऊन त्या उभ्या राहिल्या. हातात छत्री होती, पण बंद.

"बाई, काय झालं?" कैलाश धावत आला.

"काई नाई. माह्या बापाची जागा हाये. उभी हावो."

"खुर्ची आणतो ना."

"पाटलाच्या बाबानं बापाले ओटा बांधून देल्ला म्हनतात. कुठं हाये तो? दिसला का बसतो."

कैलाशनं प्लास्टिकची खुर्ची आणून ठेवली. बाई तिच्याकडे बघेनात. मजूर थांबले, कारण म्हातारी बाई उन्हात उभी असताना कुदळ कोण मारणार. पुष्पाबाई डबा घेऊन आली. "बसून जेव वो." "बसून जेवलं का पोट दुखते माहं," बाई म्हणाल्या आणि उभ्यानंच दोन घास खाल्ले. ऊन चढलं तसा कैलाश घामाघूम झाला. बाई चक्कर येऊन पडल्या तर भंडाऱ्याच्या पेपरात आपलंच नाव यायचं, हे त्याला लख्ख दिसत होतं. त्यानं गाडी पाठवून कृष्णरावांना आणवलं.

कृष्णराव काठी टेकत समोर आले. "वच्छला, बस."

"तुमी सांगा, मंग बसतो."

"काय सांगू?"

"जे होतं ते."

पाटलांच्या नाकपुड्या फुगल्या. "नाई सांगत. तू उभी राहतं, तं मी बी उभा राहतो. पाहू कोन पयले बसते."

आणि ते उभे राहिले. बाजूला खुर्ची रिकामी, आणि दोन म्हातारी माणसं समोरासमोर, जणू शाळेत शिक्षा झालेली. गाव गोळा झालं. कोणी हळूच पैजा लावल्या. तुलारामनं पाटलांवर लावली आणि थोड्या वेळानं बदलून बाईंवर लावली. तृप्तीनं एकदा छत्री उघडून आत्याच्या डोक्यावर धरली, ती आत्यानं बाजूला सारली.

वच्छलाबाईंच्या पोटऱ्यांना कळ लागली होती. टाचा पेटल्या होत्या. नकळत त्यांनी डाव्या पायावरचा भार उजव्यावर घेतला. मग उजव्यावरचा डाव्यावर. मग पुन्हा. आपण हे काय करतो आहोत ते त्यांच्या लक्षात आलं. बाप असाच करायचा. तो डुलतो आहे, असं त्यांना लहानपणी वाटायचं.

त्यांनी मान वर केली तेव्हा कृष्णराव त्यांच्या पायांकडेच बघत होते.

"डोमा बी असाच..." ते म्हणाले आणि थांबले. काठी दोन्ही हातांनी धरून त्यांनी चिंचेकडे पाहिलं, मग बेशरम तोडून मोकळ्या केलेल्या जागेकडे पाहिलं.

"ओटा नव्हता," ते म्हणाले. आवाज पाटलाचा नव्हता, म्हाताऱ्याचा होता. "बाबा आत गादीवर बसे. मी बाबाच्या मांडीवर. मले तिथून डोमा दिसे. ऊन असो, पानी असो, तो इथंच उभा राहे. बाबानं त्याले कवाच बस म्हनलं नाई." मग जरा थांबून ते म्हणाले, "मोर बी नव्हते. उभं राहनं लई कठीन हाये, बाप्पा."

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. पुष्पाबाईनं पदर डोळ्यांना लावला.

"आता खुर्ची आना," वच्छलाबाई म्हणाल्या. "दोन आना."

दोघं बसली. दोघांच्याही तोंडून एकदमच मोठा सुस्कारा निघाला, आणि गाव इतकं हसलं की पाण्यावरचे बगळे उडाले.

"पन मी झोपलो होतो तिथं," तुलाराम तरीही कुरकुरला.

"तुलाराम, तुले झोप कुठंबी लागते," बाई म्हणाल्या.

कैलाशनं डोकं खाजवलं. "मग ओटा नकाशातून काढून टाकू का, बाई?"

"काढाचा कायले? नव्हता म्हनूनच तं बांधाचा!"

तृप्तीला ह्यापेक्षा वेगळं काही नको होतं. आतला ओटा तिनं गावानं आणून दिलेल्या काळ्या दगडांचा केला, कमी पडले तिथं नवे फिकट दगड दिसतील असे बसवले. तलावाकडचा हाशहुश ओटा मात्र अख्खा फिकट दगडाचा, म्हणजे कालचा आहे हे आंधळ्यालाही कळावं. घंटा आणि झोपाळा वगळले. एक मोर तेवढा राहिला, कारण सुतारानं तो आधीच कोरून टाकला होता आणि कृष्णराव त्या खांबाला हात लावू देईनात. संगमरवरी पाटी आली नाही. चिंचेपुढच्या जमिनीत पितळेची छोटी पट्टी बसली: 'इथे कोतवाल डोमा उभे राहत.'

"अक्षरं जरा मोठे करा ना," कृष्णरावांनी चष्मा पुसत सांगितलं. "मले दिसत नाई."

"वाका," वच्छलाबाई म्हणाल्या.

पाटील वाकले. काठीवर भार देऊन, कण्हत-कुंथत, पण शेवटपर्यंत वाकले, आणि तिथल्या तिथं मोठ्यानं वाचूनही दाखवलं.

आषाढात भाताच्या रोवणीला जोर आला. एका संध्याकाळी वच्छलाबाई पाळीवरून येत होत्या तर हाशहुश ओट्यावर मुंगी शिरायला जागा नव्हती. दुसऱ्या कुठल्या गावातून रोवणीला आलेल्या बायका पोटरीपर्यंत चिखलाचे पाय लांब करून बसल्या होत्या, एकीनं तर चक्क आडवं होऊन डोळे मिटले होते. नवा फिकट दगड चिखलानं माखून गेला होता. त्यांना घेऊन जायचा ट्रॅक्टर खाली रस्त्यावर उभा होता.

"सरका वो, माय आली," एक जण म्हणाली. दोघी सरकल्या, आणि बाई त्यांच्या मध्ये चेपून बसल्या. ओल्या लुगड्यांचा गारवा दोन्ही बाजूंनी अंगाला लागला.

"कोनं बांधलं वो हे?" शेजारणीनं विचारलं. "भारी जागा हाये. लई जुनी हाये का?"

वच्छलाबाईंच्या जिभेवर निदान चार उत्तरं आली, एकाहून एक सरस. त्यांनी ती गिळली.

"नवीन हाये," त्या म्हणाल्या. "कोन्या गावच्या तुमी? किती बांध्या रोवून झाल्या आज?"

बायका सांगू लागल्या. कोणाची कंबर धरली होती, कोणाच्या मालकानं चहा पाणचट दिला होता. खाली ट्रॅक्टरवाल्यानं भोंगा वाजवला. मग पुन्हा वाजवला, जरा लांब. एक-दोघी नाइलाजानं पाय आवरू लागल्या.

"बसा वो," वच्छलाबाई म्हणाल्या. मग ओट्याच्या कडेशी झुकून त्यांनी अंगणवाडीतल्या आवाजात हाक दिली, "ए पोट्ट्या! बंद कर तो भोंगा! बसू दे त्याइले जराशीक!"

ट्रॅक्टरवाल्यानं वर पाहिलं आणि इंजिनच बंद करून टाकलं.